निम्म्या दातांचा कंगवा

मित्रांनो, मी एक जुना शिंगाचा कंगवा आहे. माझे निम्मे दात गेलेत, त्यामुळे मला बघून पोरं आधी हसतात. हसा, माझी काही हरकत नाही. पण हे दात आपोआप पडलेले नाहीत आणि कुणी रागाच्या भरात मोडलेलेही नाहीत. चांगला विचार करून, एक सोडून एक असे काढलेत. का काढले, तेवढं सांगायलाच आज तोंड उघडलंय. मला लिहिता-वाचता येत नाही. केसांतून फिरता फिरता जे कळलं, तेच माझं शिक्षण.

मी मूळचा म्हशीच्या शिंगाचा तुकडा. ज्या म्हाताऱ्यानं मला घडवलं तो दिवसभर खोकायचा आणि खोकत खोकतच काम करायचा. त्यानं मला उकळत्या पाण्यात मऊ केलं, दोन फळ्यांमध्ये दाबून सपाट केलं आणि बारीक करवतीनं एकेक दात पाडला. त्यापेक्षा जास्त वेळ त्यानं दातांची टोकं घासण्यात घालवला. टोक टोचलं की कंगवा फुकट गेला, असं तो स्वतःशीच पुटपुटायचा.

मला घ्यायला मावशी आली, तेव्हा ती अजून कुणाची मावशी नव्हती. केस कापायचं दुकान थाटायला निघालेली तरणी बाई होती. तिनं माझे दात मनगटाच्या आतल्या बाजूवर फिरवले. तिथली कातडी नाजूक असते ना. ओरखडा उठला नाही, तेव्हाच तिनं मला पसंत केलं.

म्हातारा म्हणाला, "शिंग आहे हे, पोरी. गरम पाण्यात टाकशील तर वाकडं होईल. कोरडं ठेवशील तर चिरेल. अधूनमधून तेलाचं बोट फिरवत जा."

"आणि तुटला तर?"

"तुटला तर माझ्याकडे येऊ नकोस. तोवर मी असायला नको का?" असं म्हणून तो हसला आणि मग बराच वेळ खोकला.

मावशीचं दुकान म्हणजे तिच्या घरातलीच रस्त्याकडची खोली. एक आरसा, कापायची एक खुर्ची, वाट बघणाऱ्यांसाठी दुसरी. त्या दुसरीचा एक पाय आखूड होता, त्याखाली पुठ्ठ्याची घडी. आतल्या खोलीत मावशीचा नवरा तसबिरींच्या चौकटी दुरुस्त करायचा. त्याला सगळे काका म्हणायचे. बाहेर कात्रीचा आवाज, आत हातोडीचा, आणि मधल्या दारातून येणारा सरसाचा वास. माझं तारुण्य त्या वासात गेलं.

मावशीचं नाव झालं ते झुलपांमुळे. झुलपं म्हणजे कपाळावर सोडलेले पुढचे केस. कुणी त्याला फ्रिंज म्हणतं, कुणी बँग्स. पोरी मासिकातलं चित्र कापून आणायच्या आणि म्हणायच्या, अगदी अस्संच हवं. मावशी ते चित्र उलटं करून ठेवायची. "हे तिचं कपाळ झालं. आता तुझं बघू." मग मला कपाळापासून मागे फिरवायची. पुढेच भोवरा असला तर केस मला ढकलायचा, ते मावशीला माझ्यातून हातात कळायचं. असल्या डोक्यावर ती झुलपं आखूड कापायची नाही. लांब ठेवायची, म्हणजे केसांच्या वजनानं भोवरा दबतो. गोल गुबगुबीत चेहरा असला की ती झुलपं एका बाजूला वळवायची. चेहरा उभट असला की सरळ भुवयांपर्यंत आणायची, म्हणजे तो आटोपशीर दिसतो. पाठीवर लांब केस असले तर पुढचे मधोमध दुभंगून खिडकीच्या पडद्यासारखे दोन्हीकडे सोडायची. पातळ केसांची पोरगी दाट झुलपांसाठी हटून बसली तर मावशी म्हणायची, "पुढं इतके घेतले तर मागं काय ठेवू? टोपी घालशील?"

आणि कुरळे केस आले की ती पाण्याची बाटली लांब ठेवायची. "कुरळा केस ओला असताना खोटं बोलतो," असं ती म्हणायची. "वाळल्यावर काय ते खरं सांगतो." असे केस ती कोरडेच कापायची, थोडेथोडे, थांबून थांबून.

तिचं सगळ्यात आवडतं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतल्या बाई. त्यांचे केस ओळंब्याच्या दोरीसारखे सरळ, जड, काळेभोर. हनुवटीपर्यंत कापलेले, आणि भुवयांवर झुलपांची अशी सरळ कड की पट्टी लावून बघावी. वर्गातली मुलं बाईंचं चित्र काढायची ना, तर आधी एक आडवी रेघ मारायची आणि मग तिच्याखाली दोन डोळे. तेवढ्यावरून सगळ्या शाळेला कळायचं की या आपल्या बाई.

त्यांचं डोकं मावशीच्या हाताला पाठ होतं. केस ओले करायचे, माझ्यानं ताणून खाली आणायचे, भुवईपाशी दोन बोटांत धरायचे, की कात्री. तोंडानं गप्पा चालू असायच्या. किती वर्षं हे असं चाललं, मी मोजलं नाही.

मग एक दिवस बाई आल्या आणि खुर्चीत बसून म्हणाल्या, "मावशी, आज झुलपं नाहीत. सगळेच काढा."

"कशाला हो?"

"औषध सुरू झालंय. उशीवर राहायला लागलेत. रोज सकाळी वेचत बसण्यापेक्षा एकदाच काय ते होऊ दे."

सवयीनं मावशीनं मला एकदा केसांतून फिरवलं. मित्रांनो, माझे दात मुळापर्यंत भरून आले. केस तुटत नव्हते, नुसते सुटून येत होते. मावशीनं मूठ मिटली ती बराच वेळ उघडली नाही. आतली हातोडीही थांबली होती. शेवटी तिनं मला पुसलं, खणात ठेवलं आणि मशीन हातात घेतलं.

त्यानंतर मी खणातच राहिलो. रबरबँड, गंजलेल्या पिना आणि संपलेल्या सेलांच्या सोबतीला. बाहेर प्लॅस्टिकचे रंगीत कंगवे माझं काम करायला लागले. मावशी मला विसरली असं नाही. ती अधूनमधून खण उघडायची, माझ्याकडे बघायची आणि बंद करायची. पण तेलाचं बोट काही फिरलं नाही. मी सुकत गेलो आणि माझ्या पाठीवर एक चीर पडली.

बाई परत आल्या तेव्हा आधी मला त्यांचा आवाज ऐकू आला. "सोमवारपासून शाळेत जायचंय, मावशी."

त्यांनी डोक्याचा रुमाल सोडला. केस आले होते. जेमतेम अर्ध्या वितीएवढे, पण दाट, थोडे पांढरे आणि सगळे कुरळे. डॉक्टर म्हणाले होते की कधीकधी असे बदलून येतात.

"मला जुन्या बाई करून द्या," त्या म्हणाल्या. "वर्ष गेलंय. माझ्या जागी आलेल्या बाईंची मुलांना सवय झालीय. मी दारात उभी राहिले आणि त्यांनी 'या कोण' असं बघितलं, तर माझ्याच्यानं आत पाऊल टाकवायचं नाही. मी तिथूनच घरी येईन, आणि मग पुन्हा जाणं काही व्हायचं नाही. मी कशी आहे ते मला माहीत आहे ना."

"काळजी करू नका," मावशी म्हणाली आणि खण उघडला. "हा बघा, तुमचाच कंगवा."

तिथंच घोटाळा झाला. मी हातात आलो आणि माझ्याबरोबर तिचा जुना हातही आला. तिनं केस ओले केले, मला लावून ताणून खाली आणले. ताणल्यावर ते भुवईच्याही खाली उतरले, आणि आरशात क्षणभर जुन्या बाई दिसल्या. दोघींनाही दिसल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. दोन बोटांत धरून मावशीनं भुवईपाशी कात्री चालवली.

मग केस वाळायला लागले. एकेक बट वर चढत गेली. मावशीनं बोटानं खाली ओढली, तशी ती पुन्हा वर गेली. शेवटी सगळी झुलपं कपाळाच्या वरच्या कडेला गोळा होऊन बसली. जिनं जन्मात कुणाचा कुरळा केस ओला कापला नव्हता, तिनं तो आज कापला. कारण हे डोकं तिच्या लेखी कुरळं नव्हतंच.

"काही करता येईल?" बाईंनी विचारलं.

"गरम पट्टीनं दाबून सरळ करता येतील."

"मग करा."

मावशीनं पट्टी हातात घेतली आणि परत ठेवली. "नाही करणार. तान्ह्या बाळाच्या केसांसारखे आहेत हे. भाजतील."

"मावशी, सोमवार उद्यावर आलाय."

"माहीत आहे." मावशी खुर्चीसमोर येऊन उभी राहिली. "चूक माझी आहे. मी तुमचे केस बघितलेच नाहीत, बाई. आठवणीतले कापले."

बाई मांडीवरचा रुमाल घडी करत होत्या, उलगडत होत्या. तेवढ्यात काका सरसाची वाटी घेऊन दारात आले. "एवढं शांत का झालं बाहेर?"

"तुमचं काम करा," मावशी म्हणाली.

काकांनी बाईंकडे नीट बघितलं. "मला तर बाईंचं कपाळ आज पहिल्यांदा दिसलं. इतकी वर्षं मला वाटायचं यांचा चेहरा भुवयांपासूनच सुरू होतो."

बाईंना हसू आलं. फार नाही, पण रुमालाची घडी थांबली.

मावशीनं मग ती दुसरी, लंगडी खुर्ची ओढली आणि बाईंसमोर बसून त्यांच्या केसांकडे बघत राहिली. कुठली बट कुठं वळते, कुठली सैल आहे, कुठली घट्ट. डोक्यावरच्या मागच्या लांब बटा तिनं पुढं आणल्या आणि त्यांना पडायचं तिथं पडू दिलं. आखूड झालेल्या त्यांच्याखाली लपल्या. मग कोरड्या केसांवर, एकेक बट जिथं वळण घेते तिथंच टोक कापत गेली. मधेच तिनं मला लावून बघितलं. माझे बारीक दात बटेत अडकले, बट विस्कटून तिचा पिंजारलेला कापूस झाला आणि बाईंनी मान आखडली. त्यांच्या डोक्याची कातडी अजून हुळहुळी होती. मावशीनं मला बाजूला ठेवलं आणि बोटांनीच काम पुरं केलं.

मला वाईट वाटलं का? वाटलं. एवढं नाव कमावलेला कंगवा मी, आणि भलं व्हायला मला बाजूला ठेवावं लागलं.

"घरी पण बोटांनीच करा," मावशी म्हणाली.

"बोटांची टोकं अजून बधिर आहेत. केस हाताला लागतच नाहीत."

मावशीनं विरळ दातांचा प्लॅस्टिकचा कंगवा काढला आणि मनगटावर फिरवला. पांढरा ओरखडा उठला. तिनं तो टाकला आणि मला उचलून काकांपुढं धरलं. "याचे एक सोडून एक दात काढता येतील?"

"अहो नको," बाई म्हणाल्या. "त्याला चीर गेलीय. मोडेल."

"मोडला तर मोडला," काका म्हणाले. "खणात पडून तरी काय दिवे लावतोय?"

त्यांनी आधी चिरेत सरस भरला आणि दोऱ्यानं आवळून मला वाळत ठेवलं. मग तसबिरींची बारीक करवत घेतली. दुखलं का, असं विचाराल. म्हाताऱ्यानं दात पाडले तेव्हा मला काही कळत नव्हतं. या वेळी एकेक दात ओळखीचा होता. कुठल्या दातानं कुणाचा भोवरा पहिल्यांदा ओळखला, मला सगळं माहीत होतं. ते टेबलावर पडत गेले आणि मावशी शेजारी उभी राहून बघत होती. काकांनी दात निघालेल्या जागा घासल्या, पुन्हा घासल्या. "खरखरीत राहिलं तर केस अडकेल," ते म्हणाले. मावशीनं मला मनगटावर फिरवलं, अगदी पहिल्या दिवशीसारखं. ओरखडा उठला नाही. मग तिनं तेलाचं बोट फिरवलं. किती दिवसांनी.

तिनं मला बाईंच्या हातात दिलं. "केस ओले असतानाच फिरवायचा. आधी टोकं सोडवायची, मग वर जायचं. वाळले की याला अजिबात हात लावायचा नाही. टॉवेलनं खसाखसा पुसू नका, नुसते दाबा. आणि झुलपं ओढून बघू नका. ती वर जाणारच."

सोमवारी मी बाईंच्या पर्समध्ये होतो. वर्गाच्या दारात त्या थांबल्या. पर्स त्यांनी छातीशी इतकी घट्ट धरली होती की माझी जुनी चीर कुरकुरली. आतला गलका बंद झाला. ज्याची त्यांना भीती होती तेच झालं. मुलं नुसती बघत होती. कुणी नमस्ते म्हणालं नाही.

बाई मागे वळणार असं मला वाटलं. मग त्या म्हणाल्या, "खिडकीजवळची दप्तरं आधी खाली ठेवा बघू."

कुणीतरी हळूच म्हणालं, "आवाज बाईंचाच आहे."

"बाईच आहेत त्या, गाढवा."

बाई आत गेल्या. पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "बाई, तुमचे केस मेले होते?"

"गेले होते. हे दुसरे आलेत."

"हे आवडतात तुम्हाला?"

"अजून ओळख होतेय," बाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी बाईंनी मला बाहेर काढलं तेव्हा माझ्याभोवती त्यांनीच दुपारी वर्गात गुंडाळलेला एक कागद होता. त्याच मुलीनं काढलेलं चित्र. वर आडवी रेघ नव्हती. तिथं काळ्या खडूच्या गरगरीत गिरगोट्या होत्या, आणि खाली नेहमीचे दोन डोळे. ते चित्र आता मावशीच्या आरशावर आहे, आणि मी बाईंच्या न्हाणीघरातल्या खिडकीत.

मित्रांनो, माझं मागणं मोठं नाही. घरातली जुनी वस्तू खणात टाकून हळहळत बसू नका. तिला बाहेर काढा, लागले तर दात काढा, पण वापरा. आणि कुणी माणूस आजारातून उठून तुमच्या दारात आलं, तर आठवणीतलं माणूस शोधू नका. आलंय त्याच्याकडे नीट बघा.

आणखी एक. बाई तेलाचं बोट फिरवायला विसरतात. शाळेत भेटल्या तर तेवढी आठवण करा.