नारिंगी ठिपका

तिने काचेच्या दोन्ही पट्ट्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उजेडात धरल्या. एकीवर नारिंगी ठिपका उमटला होता, झेंडूची पाकळी चिकटून वाळावी तसा. दुसरी कोरी होती.

"मुळी तीच, सर," ती म्हणाली. "ठिपका आलाय तो अर्क अमोनिया घालून काढलाय. कोरी आहे ती सोडा घालून."

सरांनी चहाखालचा गॅस बारीक केला. चष्मा कपाळावर सरकवून कोरी पट्टी डोळ्यांशी नेली, उलटी करून पाहिली.

"परत करून पाहिलंस?"

"कितीदा तरी. दर वेळी हेच."

तरुणपणी सरांनी या मुळीतून एक अल्कलॉइड, झाडं स्वतः बनवतात तसलं नायट्रोजन असलेलं द्रव्य, वेगळं काढलं होतं; नारिंगी ठिपका ही त्याचीच खूण. उभ्या आयुष्यात हाती लागलेलं ते एकच. त्याला त्यांनी बायकोचं नाव दिलं आणि पिरिडीन नावाच्या रासायनिक घराण्यात नेऊन बसवलं. तेव्हापासून वर्गीकरणाच्या तक्त्यात ते झाड अल्कलॉइडवाल्यांच्या रांगेत उभं होतं. आता कळत होतं, बिचाऱ्या झाडाकडे तसलं काही नव्हतंच. नायट्रोजन आला तो बाटलीतल्या अमोनियातून. मुळीतल्या कडू द्रव्याशी त्याची गाठ पडली आणि जे काही जन्मलं ते फ्लास्कमध्येच.

"म्हणजे ते आम्हाला सापडलं नाही," सर म्हणाले. "आम्हीच केलं."

वाटेत जुळवून ठेवलेलं वाक्य तिला आठवेना. तिचा प्रबंध छपाईला जायचा होता. त्यातल्या तक्त्यात ते नाव ठेवावं तर खोटं, आणि काढावं तर सरांचं काय उरतं?

"चहा करताय की चहाचा मळा लावताय?" आतून काकूंचा आवाज आला. पाठोपाठ खोकला.

"आलो, आलो!" सर मोठ्याने म्हणाले. मग अगदी हळू, "डॉक्टर म्हणतात, आता फार दिवस नाहीत. तिच्या डोळ्यांदेखत नको. तेवढं थांबशील?"

"थांबते, सर."

मधला पडदा सारून दोघं आत गेली. काकू उशांना टेकून होत्या, पांघरुणात हरवल्यासारख्या.

"ये गं. आणलास ना अमोनियाचा वास बरोबर? ह्यांच्या अंगालाही हाच यायचा. नवी नवरी मी. जवळ गेलं की डोळ्यांना धार. ह्यांना वाटायचं, हिला माहेर आठवतंय!"

ती हसली. सरांनी कप पुढे केला.

"आणि माझ्या नावाचं काय चाललंय तिकडे? '-ईन'चं शेपूट जोडून दिलं सोडून. कुठे कुठे हिंडतंय कोण जाणे."

"बरं चाललंय, काकू," ती कपाकडे बघत म्हणाली.

काकूंनी एक घोट घेतला. साखर नव्हती. तरी त्यांनी दुसरा घेतला. मग एकाएकी कप कलंडला, मुठीत चादर गोळा झाली. सरांनी कप काढून घेतला, मॉर्फिनच्या औषधाची बाटली उघडली, चमचा भरून त्यांच्या ओठांशी धरला. काकूंनी डोळे मिटून तो गिळला. तोंड कडूजहर झालं असावं.

बऱ्याच वेळाने मूठ सैल झाली.

"अहो, हे तरी झाडातलंच ना?"

चमचा सरांच्या हातात तसाच राहिला. पडद्याची कड वाऱ्याने हलत होती. तिने मान वर केली नाही.

"हो," सर म्हणाले. "हे झाडातलंच."

"मग ठीक." काकूंनी तिच्या मनगटावर बोटं ठेवली. हलकी, कोरडी. "ते नाव काढून टाक गं. ना मूल, ना बाळ. माझ्यामागे ते एकटंच कागदोपत्री वणवण करत राहणार, याचाच घोर लागला होता बघ."

सर बाटलीचं झाकण फिरवत होते. ते केव्हाच घट्ट बसलं होतं.