तिसरी आणि पाचवी

"आजच धरायचं होतं का ह्या खांद्याला," हे माझ्या कानाशी पुटपुटले. मी टेबलापाशी बसून पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये गोळ्या भरायच्या तयारीत होते. मान वर न करता म्हटलं, "हं."

दोन वर्षं मी त्या खांद्याला तेल चोळते आहे. खांद्यात काही नाही हे मला पहिल्याच बाटलीत कळलं होतं. पण संसारात कळलेलं सगळं बोलून दाखवलं, तर माणसांनी राहायचं कुठे?

हे रखवालदारांना पिस्तूल चालवायला शिकवतात. मी कोर्टाच्या दप्तरखान्यावर पहाऱ्याला असते. यंदा आमच्या हातातली काठी जाऊन पिस्तूल येणार असं ठरलं. म्हणून सेहेचाळिसाव्या वर्षी, सहा दिवस पायांवर उभं राहून झालं की सातव्या दिवशी मी नवऱ्याच्याच वर्गात येऊन उभी राहते. घरी मी ह्यांचं ऐकत नाही, त्याचं उट्टं इथे निघतं.

पहिल्या दिवशी माझ्या सगळ्या गोळ्या निशाणाच्या खाली मातीत गेल्या. मग ह्यांनी माझ्या मॅगझिनमध्ये गुपचूप एक डमी घातली. डमी म्हणजे दारू नसलेली खोटी गोळी. मी चाप दाबला, बार झालाच नाही, पण पिस्तुलानं मात्र नव्या सुनेसारखी मान खाली घातली.

"बघ," हे म्हणाले. "बार व्हायच्या आधीच तू दचकतेस. चाप असा दाबायचा की गोळी कधी सुटली ते तुझं तुला कळू नये."

शिकवतात फार छान. बोट चापावर कधी न्यायचं, पिस्तुलाचं तोंड कुठे ठेवायचं, सगळं. आणि दर वेळी न चुकता, "रिकामं आहे असं कुणीही सांगो, स्वतः उघडून बघायचं. सख्ख्या भावानं सांगितलं तरी."

स्वतः मात्र दोन वर्षांत एक गोळी झाडली नव्हती. खांदा.

आज इन्चार्ज बाई आल्या होत्या. शिकवणाऱ्यानं वर्षातून एकदा स्वतः करून दाखवायचं असतं, आणि ते दोनदा टळलं होतं. आजही टळलं तर वर्ग दुसऱ्याकडे जाणार होता. परीक्षा तीच. सहा गोळ्या, त्यांतल्या दोन डमी. भरणारा वेगळा, झाडणाऱ्याला काही माहीत नाही. डमीवर पिस्तूल डुललं की नापास.

सकाळी बसमध्ये खिडकीबाहेर बघत हे म्हणाले होते, "भरायला तू बस. तिसरी आणि पाचवी डमी ठेव."

मी काही बोलले नाही. दमलेल्या बाईचं गप्प बसणं लोक होकार धरतात, आणि बरेचदा तो होकारच असतो.

"वहिनी, स्प्रिंग कडक आहे, अंगठा सांभाळा," शेजारी निशाणाचे कागद घेऊन उभे असलेले भावजी म्हणाले. "माझा गुडघा गेला तो गेला, तुमचा अंगठा राहू दे." वर्ग हसला. हे हसले नाहीत.

भावजी म्हणजे ह्यांचे जुने सोबती. दोन वर्षांपूर्वी शस्त्रं जमा करायच्या खोलीत त्यांनी आपलं पिस्तूल टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "रिकामं आहे." ह्यांनी उचललं, चाप दाबला. गोळी भावजींच्या गुडघ्यात. तेव्हापासून भावजी पाय ओढत चालतात आणि कागद लावायचं काम करतात. अहवालात आलं की पिस्तूल जुनं होतं. भावजी म्हणाले, जुनंच होतं. मीही म्हटलं, फारच जुनं.

मॅगझिनमध्ये शेवटी घातलेली गोळी आधी सुटते. म्हणून मी सहावीपासून उलटी सुरुवात केली. सहावी खरी, पाचवी डमी, चौथी खरी. तिसऱ्या जागेची डमी बोटांत होती, आणि एकदम मनात आलं, हा माणूस आज पुन्हा दुसऱ्याच्या शब्दावर पिस्तूल उचलणार. या वेळी माझ्या.

ती डमी मी बाजूला ठेवली. दोन खऱ्या दाबल्या, आणि सगळ्यांत वर डमी. मन घट्ट केलं वगैरे काही नाही. मन नुसतं दमलं होतं.

हे रेषेवर उभे राहिले. पाय, कोपरं, श्वास, सगळं चित्रात काढावं असं. आम्ही कानांवर मफ चढवले. ह्यांनी चाप दाबला.

बार झाला नाही. पिस्तुलाचं तोंड मात्र वीतभर खाली गेलं. माझंसुद्धा कधी इतकं गेलं नव्हतं.

मफ उतरवून सगळे जमिनीकडे बघायला लागले. इन्चार्ज बाईंनी पेनाचं टोपण लावलं, परत काढलं.

"खांदा दुखत असेल," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात बघू."

"हो ना बाई," भावजी घाईघाईनं म्हणाले. "कालच मला सांगत होते, हात वर होत नाही म्हणून." काल दोघं भेटलेही नव्हते. माझ्याही तोंडाशी काहीतरी आलं होतं, तेलाबद्दलच. गिळलं.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रात्रपाळीहून आल्यावर बघायचे तसं. मग पिस्तुलाचं तोंड निशाणाकडेच ठेवून मॅगझिन काढलं, पिस्तूल उघडलं. डमी टणकन खाली पडली. आत डोकावून बघितलं, बोट घालून चाचपलं, पिस्तूल उघडंच टेबलावर ठेवलं आणि भावजींकडे वळले.

"पिस्तूल जुनं नव्हतं रे," हे म्हणाले. "मी उघडून बघितलं नाही. तुझा पाय माझ्यामुळे गेला. तेव्हापासून ह्याला हात लावायची मला भीती वाटते."