खालच्या तीन ओळी

"हीच," मखलूफने चुन्याने रंगवलेल्या एका कबरीवर तळहात टेकवला. "फ्रेहा. यहियाची लेक. तुझी पणजी."

अनाएल मटकन खाली बसली. माँट्रियलहून निघाल्यापासून ती या जागेची वाट बघत होती. तिच्यामागे सव्वीस तरुण पोरापोरींचा घोळका उभा होता. कोणी पॅरिसचं, कोणी नेतान्याचं. आजी-आजोबांचं गाव बघायला बसने आलेली ज्यू मुलं. अनाएलने दगडाला कपाळ लावलं आणि ती रडू लागली. मखलूफने टोपी सारखी करून प्रार्थना म्हटली. त्याचा आवाज अजून खणखणीत होता. प्रार्थना संपल्यावर तिने उठून त्याला मिठी मारली.

गावात उरलेला तो शेवटचा ज्यू. वय शहात्तर. भाऊबहिणी केव्हाच समुद्रापार गेल्या. म्हाताऱ्या आईला सोडवेना म्हणून हा राहिला, आणि आई गेल्यावर दफनभूमीची किल्ली त्याच्याकडे आली. तिथल्या जुन्या कबरींवर नावं नसतात. पांढरे लांबुळके उंचवटे, बस्स. कोण कुठे आहे हे माणसांच्या डोक्यात असायचं. ती माणसं गेली, आणि सगळं एकट्या मखलूफच्या डोक्यात उरलं.

पण सगळं उरलं नव्हतं. सत्तावीस वर्षांपूर्वी नदी फुगली आणि खालच्या तीन ओळी धुऊन घेऊन गेली. पुढे मार्सेयहून एक बाई आली, चाकाच्या खुर्चीतून. तान्हेपणी गेलेल्या मुलाची कबर तिला बघायची होती. ते बाळ खालच्या ओळीत होतं. नदीने नेलं, हे मखलूफच्या तोंडून निघेना. त्याने वरचा एक छोटा उंचवटा दाखवला. बाई तासभर त्या उंचवट्याशी बोलत बसली आणि शांत चेहऱ्याने परत गेली.

ती पहिली वेळ दयेपोटी होती. नंतर सवय झाली. आणि पुढे पुढे, हे तो स्वतःशीही कबूल करत नसे, त्या मिठ्यांची त्याला ओढ लागली. वर्षभर ज्याला कोणी हात लावत नाही, त्याच्या गळ्यात दूरदेशीची मुलं पडून रडत.

"थांबा काका, आजीला दाखवते," म्हणत अनाएलने फोन लावला. पडद्यावर एक सुरकुतलेला चेहरा आला. डोक्याला फुलाफुलांचा रुमाल.

"आजी, ही बघ! तुझी आई!"

म्हातारी बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "तो टोपीवाला कोण गं? जरा इकडे कर. अरे, तू कल्हईवाल्या हनिनाचा मखलूफ ना?"

मखलूफ पडद्याजवळ वाकला. "सुलीकाताई?"

"मेल्या, म्हातारा झालास की रे! आईला माती दिली तेव्हा चौदा वर्षांचा होतास. तुझ्याच हातात फावडं होतं."

"हो, ताई."

"पण काय रे, ती तर खाली होती ना, नदीच्या अंगाला? माझे बूट चिखलात रुतले होते. ही इतकी वर कशी आली?"

मखलूफने मान खाली घातली. म्हातारी हसली. "जाऊ दे. चौऱ्याऐंशीची झाले, मलाच आठवत नसेल. तू म्हणतोस ना, मग तीच. तू तिथे आहेस म्हणून तर आम्हाला इकडे झोप लागते, बाबा."

तिने वाद घातला असता तर तो कदाचित खोटं रेटून बोलला असता. दगड हलवले, म्हणाला असता. पण या बोलण्यावर त्याला मान वर करता येईना.

"ताई," तो म्हणाला, "ही ती नाही. नदीने नेली. खालच्या तिन्ही ओळी नेल्या."

"कधी?"

"सत्तावीस वर्षं झाली."

"मग ही कोण?"

"माहीत नाही."

फोनमधून थोड्या वेळाने आवाज आला, "अनाएल, मला नदी दाखव." अनाएलने फोन नदीकडे धरला. म्हातारी बघत राहिली. "पाणी आहे का गं?"

"थोडं आहे, आजी."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

मग घोळक्यातून एल्काना नावाचा धिप्पाड मुलगा पुढे आला. "आणि माझे पणजोबा? मघाशी दाखवले ते?"

"ते खरे. माझ्या आईशेजारीच आहेत. खोटं नाही बोलत." हे शेवटचं म्हणताना त्याचे कान तापले.

ओरा नावाची बारीकशी मुलगी पुढे आली. त्याच्याकडे नुसती बघत राहिली. मघाशी तिने एका कबरीचं चुंबन घेतलं होतं.

"नाही, बाळा," मखलूफ म्हणाला. "तुझी नाही."

तिने मनगटाने ओठांवरचा चुना पुसला. दोनदा पुसला. तिने थोबाडीत मारली असती तर मखलूफला बरं वाटलं असतं.

"अकरा बस आणल्या मी इथे, काका!" कासाब्लांकाचा रफाएल, त्यांचा वाटाड्या, दबक्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "लोकांनी फोटो फ्रेम करून घरात लावलेत. त्यांना काय सांगू आता मी?"

"माझं नाव सांग."

"नाव सांगून काय होणार?" रफाएल वळला. "चला रे सगळे, बसमध्ये बसा."

मुलं गेली. कोणी त्याचा निरोप घेतला नाही. मखलूफ जिथे होता तिथेच उभा राहिला, वर्गात उभं केलेल्या पोरासारखा. फाटकाशी जायचं तर बसच्या खिडक्यांसमोरून जावं लागलं असतं.

पावलं वाजली. अनाएल परत आली होती. डोळे सुजलेले, हातात वही.

"आजीने पुन्हा फोन केला," ती म्हणाली. तिने त्याच्या चेहऱ्याकडे बघायचं टाळलं. "ती म्हणाली, त्याच्यानंतर विचारायला कोणी नाही. जी नावं नक्की ठाऊक आहेत तेवढीच सांगा. मी लिहून घेते."

"पोरी, माझ्यावर विश्वास ठेवशील?"

"ते नंतर बघू. सांगा."

दोघं वरच्या कोपऱ्यातून निघाली. "हा हनिना, माझा बाप. ही माझी आई, इस्तेर. हे त्या मुलाचे पणजोबा, दावीद. ही जोहरा, सुईण होती." ती लिहीत होती. खाली बसने हॉर्न दिला. तिने लक्ष दिलं नाही.

पाचव्या कबरीपाशी तो थांबला. एक नाव आपसूक जिभेवर आलं, गोड आणि तयार. इतकी वर्षं यायचं तसंच. त्याने ते गिळलं.

"हे?" तिने विचारलं.

"लिही," मखलूफ म्हणाला. "ठाऊक नाही."

तिने लिहिलं. तो पुढच्या कबरीकडे सरकला.