भिंगरीच्या नावाचा रेडिओ

डोक्यावरून टॉवेल घेऊन, तोंड गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून भिंगरी वाफ घेत बसली होती आणि मनातल्या मनात ताईशी भांडत होती. खरं भांडण सकाळीच उरकलं होतं, पण त्या वेळी तिला बोलायला धड काही सुचलं नव्हतं. झणझणीत उत्तरं सगळी आत्ता सुचत होती आणि ऐकायला समोर फक्त पातेलं होतं.

दोघी बहिणींचं डायव्हिंगचं दुकान होतं. खाली दुकान, सगळ्यात वरच्या मजल्यावर घर. गिऱ्हाइकांना पाठीवर हवेची टाकी बांधून समुद्रात खाली न्यायचं, मासे दाखवायचे आणि सुखरूप वर आणायचं, हा धंदा. आज एक नवरा-बायको येणार होते, दोघंही दातांचे डॉक्टर, आणि त्यांना नेहमीच्या बोटवाल्या काकांच्या बोटीतून दूरच्या एका खडकापाशी न्यायचं ठरलं होतं. ती जागा भिंगरीनं शोधलेली, त्यामुळे तीच घेऊन जाणार होती. पण सकाळी उठली ती चोंदलेल्या नाकानं. सर्दीत खाली गेलं तर कानातला दाब सुटत नाही, कानाचा पडदा फाटतो, हे ती स्वतः शिकणाऱ्यांना डोळे वटारून सांगते. स्वतःची वेळ आल्यावर मात्र "एवढं काही नाही गं" म्हणत पोशाख चढवून दारात उभी राहिली. ताईनं तिच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाली, "तुझं नाव सांग बघू." भिंगरीनं नाव सांगितलं, पण ते नाकातून असं काही बाहेर आलं की दोन्ही डॉक्टर हसले.

"घरी बस," ताई म्हणाली. विषय संपला. भिंगरीचा पारा चढला. तिनं दार आपटलं आणि ताईनं खालून "येते गं" म्हटलं तेव्हा मुद्दाम ओ दिली नाही.

तर अशी ती फणफणत बसलेली असताना फोन वाजला.

"सागरी बचाव केंद्रातून बोलतोय," एक पुरुषी, कामातला आवाज म्हणाला. "भिंगरी या नावानं नोंदवलेल्या रेडिओवरून आत्ता संकटाचा इशारा आलाय. आपण कोण?"

"मीच भिंगरी."

"तुम्हीच? मॅडम, तुम्ही पाण्यात आहात?"

"नाही हो. मी पातेल्यात आहे." मग स्वतःशीच चरफडून ती म्हणाली, "म्हणजे घरी आहे. वाफ घेतेय."

पलीकडे अधिकाऱ्यानं सुस्कारा सोडला. "मॅडम, नातेवाइकाच्या रकान्यात तुम्ही स्वतःचाच फोन नंबर दिलाय. उद्या तुम्ही खरंच वाहून गेलात तर हा फोन उचलणार कोण?"

भिंगरीनं जीभ चावली. आठवड्यापूर्वी ताईनं हे दोन रेडिओ आणले होते. मुठीत मावतील एवढे, पिवळेधमक. डायव्हरनं खाली जाताना झाकण घट्ट लावून जॅकेटच्या खिशात टाकायचे आणि वर आल्यावर बोट दिसली नाही तर झाकण उघडून लाल बटण दाबायचं. मग तो रेडिओ आपला क्रमांक आणि आपण कुठे आहोत ते आसपासच्या सगळ्या जहाजांना आणि केंद्राला कळवतो. क्रमांक कुणाचा, हाक कोणत्या नावानं मारायची, फोन कुणाला करायचा, हे आधी नोंदवावं लागतं. तो क्रमांक यंत्रात एकदाच भरता येतो, नंतर बदलता येत नाही. दोघींनी जेवणाच्या टेबलावर बसून ते काम उरकलं होतं. ताईचं एकेक अक्षर तपासून चाललं होतं आणि भिंगरीचं "झालं का? झालं का?" चाललं होतं.

"इशाऱ्यात जागा आलेली नाही," अधिकारी म्हणाला. "यंत्राला कधीकधी उपग्रह सापडायला वेळ लागतो, किंवा ते घरात असतं. आठवडाभर बघतोय, लोक नवीन रेडिओ घेतात आणि खेळण्यासारखं बटण दाबून पाहतात. तुमच्याही हातून चुकून दाबलं गेलंय का?"

"असेल हो," भिंगरी ओशाळून म्हणाली. "कपाटात कशाखाली तरी दबला असेल. सॉरी, साहेब."

"ठीक आहे. बोट तयार ठेवली होती, थांबवतो तिला. फोन नंबर तेवढा बदलून घ्या."

फोन बंद झाला. थोडक्यात सुटले म्हणून भिंगरीचा जीव भांड्यात पडला. आता ते लबाड यंत्र बंद करावं म्हणून तिनं कपाट उघडलं. रेडिओ आपल्या पिशवीत शहाण्यासारखा पडला होता. त्याच्या अंगावर काही नव्हतं. झाकण घट्ट लावलेलं होतं.

झाकण लावलेलं असताना बटण दाबलं जाईल कसं?

तिनं झाकण उघडलं, रेडिओ चालू केला. पडद्यावर क्रमांक आला. भिंगरी त्या आकड्यांकडे बघत राहिली. हा क्रमांक तिचा नव्हता, ताईचा होता. दोन रेडिओ अगदी एकसारखे, एकसारख्या पिशव्यांत. सकाळच्या त्या आदळआपटीत ताईनं हाताला लागला तो उचलला होता. तिच्याकडे गेला होता भिंगरीचा. म्हणजे भिंगरीच्या नावानं समुद्रातून जी हाक आली होती ती ताईची होती. आणि ती हाक भिंगरीनं नाक पुसत, सॉरी म्हणत, परत पाठवली होती.

तिनं केंद्राचा नंबर फिरवला. व्यस्त. पुन्हा फिरवला. व्यस्त. तिसऱ्यांदा तर फोन तिच्या हातून सटकून पातेल्यात पडला. गरम पाण्यात बुडालेला फोन बाहेर काढून ती वेड्यासारखी पुसायला लागली आणि तेवढ्यात तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. अगं बावळट, तुझ्या दुसऱ्या हातात काय आहे?

ती पळत सुटली. अनवाणी, गळ्यात टॉवेल, एका दमात जिना चढून गच्चीवर. खाली घरात चार भिंतींत रेडिओ कुणाला ऐकू जाणार? वर मात्र समोर अख्खा समुद्र पसरलेला होता, निळा, चकाकणारा, जणू काही झालंच नाही असा. तिनं सोळा नंबरचा चॅनेल लावला. या चॅनेलवर संकटाशिवाय बोलायचं नसतं आणि जमिनीवरून तर मुळीच बोलायचं नसतं. दुसऱ्या कुणाच्या जिवासाठी मदत मागायची तर काय म्हणायचं, तेही तिनं शिकून ठेवलं होतं. तिनं बटण दाबलं.

"मेडे रिले, मेडे रिले, मेडे रिले! बचाव केंद्र, मी भिंगरी बोलतेय! तो इशारा खरा आहे! खोटा नाही, खरा आहे!"

नाक चोंदलेलं, दम लागलेला. तिचे शब्द तिलाच धड कळेनात. पण लगेच खरखर झाली आणि तोच आवाज आला. "पातेलेवाल्या मॅडम?"

"हो! साहेब, रेडिओची अदलाबदल झालीय. माझा रेडिओ ताईकडे आहे. माझी ताई आहे पाण्यात! बरोबर दोन गिऱ्हाइकं आहेत, तिघं आहेत!"

त्या माणसानं एक अक्षर जास्त विचारलं नाही. मागे त्याचा ओरडण्याचा आवाज ऐकू आला, "काढा बोट, काढा!" आणि मग परत, "जागा माहीत आहे?"

"उत्तरेला जोडखडक आहे, तिथे उतरणार होते. पण खडकापाशी शोधू नका! आत्ता ओहोटी आहे, तिथे पाणी बाहेर ओढतं. खडकाच्या मागून बाहेर, मोकळ्या समुद्राकडे. आमचे बोटवाले काका किनाऱ्याच्या बाजूनं शोधत असणार, त्यांच्या जुन्या रेडिओला हा इशारा ऐकू येत नाही."

"थांबा," अधिकारी म्हणाला. मग त्याचा आवाज एकदम चढला. "आली! जागा आली, मॅडम! दुसरा इशारा आलाय. खडकाच्या बाहेर, तुम्ही सांगता तिथेच! बचाव बोट, बचाव बोट, जागा घ्या..."

त्यानं आकडे वाचायला सुरुवात केली आणि भिंगरीनं गच्चीवरच उडी मारली. बंदराच्या तोंडातून नारिंगी बोट पाणी फाडत बाहेर पडली. भिंगरी तिला बघून "चल, चल, चल!" असं ओरडत राहिली, जसं काही ती तिच्या ओरडण्यावरच चालणार होती. शेजारच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकू चिमटा तोंडात धरून बघतच राहिल्या.

"काय झालं गं?"

"ताई वाहून गेलीय!" भिंगरी म्हणाली, आणि हे मोठ्यानं म्हटल्यावर तिला रडू फुटलं. सकाळी "येते गं" म्हणाली होती ताई. ओ द्यायला काय होत होतं?

बोटीचा ठिपका झाला. खडकाला वळसा घालून दिसेनासा झाला. मग रेडिओवर एक दणदणीत आवाज आला. बोट चालवणाऱ्या तांडेलाचा. त्याच्या पडद्यावर जे नाव होतं त्याच नावानं तो हाका मारत होता.

"भिंगरी, भिंगरी, भिंगरी! मी बचाव बोट. भिंगरी, ऐकू येतंय का? कशा आहात?"

आधी नुसती खरखर. मग लाटांचा आवाज, आणि त्यातून, लांबून पण अगदी स्पष्ट, ताई.

"भिंगरी? भिंगरीला काय झालं?"

"भिंगरी, आम्ही तुमच्याकडेच येतोय," तांडेल म्हणाला. "किती जण आहात?"

"अहो, भिंगरी कुठाय?" ताईचा आवाज चढला. "मघाशी रेडिओवर तिचा तुटक आवाज आला, ती पाण्यात उतरलीय का? मला शोधायला आलीय का ती? ऐका, आमचं राहू द्या. आम्ही तिघं एकमेकांना धरून आहोत, जॅकेटं फुगवलेली आहेत, आम्हाला काही होत नाही. तिला आधी शोधा! तिला सर्दी झालीय हो, तिला खाली जाऊ देऊ नका. आधी तिच्याकडे जा!"

तांडेल गोंधळला. "अं... पुन्हा सांगा?"

भिंगरीला ठाऊक होतं की या चॅनेलवर मध्येच बोलायचं नसतं. तिनं बटण दाबलं.

"ताई," ती म्हणाली. पुढचं बोलायला तिला दोनदा नाक ओढावं लागलं. "ताई, मी घरी आहे. गच्चीवर आहे. तुझ्याकडे माझा रेडिओ गेलाय. मी पाण्यात नाहीये गं, ताई. तूच आहेस."

तिनं बटण सोडलं आणि रेडिओ कानाला लावला.

"घरी आहेस?" ताईनं विचारलं.

"हो. आणि ही सकाळची ओ."

"नक्की?"

"नक्की, ताई."

मग ताईचा श्वास ऐकू आला. इतका वेळ खणखणीत असलेला, गिऱ्हाइकांना धीर देणारा तो आवाज फुटला.

"मग या हो लवकर," ती म्हणाली. "खूप लांब आलोय आम्ही. मला फार भीती वाटतेय."