माझ्या टाक्यात अडकलेलं बोट

मी एक जुनी लोकरी टोपी आहे. तपकिरी-पिवळी, आमच्या गावच्या फुटबॉल संघाच्या रंगाची. माझे मालक मर्व्हिनआजोबा; त्यांना माझ्याकडून एकच लाभ हवा होता: संघाने अंतिम सामना जिंकावा. नशीब धुऊन जाऊ नये म्हणून हंगामभर त्यांनी मला पाण्याचा थेंब लागू दिला नव्हता. शेजारीपाजारी आम्हाला वासावरूनच ओळखत.

मित्रांनो, सामन्याच्या सकाळी रस्त्यावर गाडीखाली मेलेली एक पॉसम दिसली. पॉसम म्हणजे झाडावर राहणारा, मांजराएवढा प्राणी; कांगारूसारखा पोटाच्या पिशवीत पिल्लू वाढवतो. अशी मादी दिसली, की तिच्या पोटाची पिशवी तपासायची ही आमच्याकडची रीत. आजोबांनी तपासली. आत मुठीएवढं पिल्लू होतं, पार गारठलेलं. त्यांनी मला डोक्यावरून उतरवलं आणि त्याला माझ्यात ठेवलं.

त्याचं काळीज माझ्या विणीवर धडधडत होतं. घरी आजोबांनी गाईचं दूध कोमट करून चमच्याने पाजलं. पिल्लाला ठसका लागला. ते धडपडलं आणि मागच्या पायाचं बोट माझ्या आतल्या एका सुट्या टाक्यात अडकलं. ते ओढू लागलं, तसा धागा आवळत गेला. मला सोडता येईना, ओरडता येईना. ज्याला ऊब द्यायची, त्याचाच मी फास झाले होते!

"बघा, कसं गप झोपलंय," आजोबा स्वतःशीच म्हणाले.

ते झोपलं नव्हतं. भीतीने थिजलं होतं.

शेजारच्या लॉर्नाबाई आजारी पॉसम सांभाळत. आजोबा मला घेऊन त्यांच्याकडे गेले. दार उघडताच बाईंनी नाक धरलं.

"मर्व्हिन, ही टोपी आहे की मेलेला उंदीर?"

"माझं नशीब आहे ते. जपून धर."

"याला काही पाजलंस?"

"थोडंसंच. गाईचं दूध."

"शहाणाच आहेस! गारठलेल्या पिल्लाला आधी ऊब द्यायची. गाईच्या दुधाने जुलाब होतात त्यांना. आणि आत सुती फडकं का नाही घातलंस?" त्यांनी मला उलटं केलं. बोट निळं पडलं होतं. "कात्री दे."

"अगं, आज फायनल आहे! हळूच सोडवून बघ ना."

"सोडवत बसले तर पाय जाईल. बोल, टोपी की पाय?"

आजोबांनी कात्री पुढे केली.

पातं माझ्यात शिरलं तेव्हा मी शहारले. पण पिल्लू हललंच नाही, तेव्हा त्याहून जास्त घाबरले. बाईंनी त्याला फडक्यात गुंडाळून एका पेटीत ठेवलं, गरम पाण्याची बाटली टॉवेलात बांधून शेजारी ठेवली, पेटी अंधारात सरकवली. आजोबा सामन्याला गेलेच नाहीत. उघडं टक्कल घेऊन पेटीपाशी बसून राहिले. संघ हरला, आणि गावाने तो दोषही त्यांच्याच माथी मारला.

संध्याकाळी पेटीत खुडबुड झाली. पुढे पिल्लाला जुलाब झाले, तोंडात पांढरी बुरशी आली. औषधाचे थेंब आणि त्याच्या जातीचं खास दूध यांवर ते सावरलं. बोट मात्र डॉक्टरांना काढावं लागलं.

मित्रांनो, आजारी जिवाला काही भरवण्याआधी जाणत्याला विचारा. नुसती माया पुरत नाही. आजोबांची टोपी गेली, माझी वीण गेली. पण चूक आमची होती, आणि बोट त्या पिल्लाचं गेलं.