आबा जेवल्यावर काय लिहीत होते

आमचे आबा जेवण झालं की ओट्यावर जाऊन बसायचे, फोनवर एका बोटानं काहीतरी लिहायचे आणि स्वतःशीच हसायचे. शिंदखेड्याच्या घरात हे रोजचं. आई दारातून बघत राहायची. विचारलं की आबा म्हणायचे, "काही नही." आता मला सांगा, काही नसताना माणूस हसेल का?

गेल्या वर्षी आबा गेले, पण आईच्या डोक्यातलं ते काही गेलं नाही. रेल्वेतल्या रिटायर्ड दोस्तांच्या ग्रुपवर ते तिच्या हातच्या जेवणाची टिंगल करायचे, अशी तिची खात्रीच होती. कारण त्यांच्या गँगमधले तोतारामभाऊ एकदा तिला म्हणाले होते, "वहिनी, तुमनं रोजनं जेवन आमले पाठ शे." वर खो खो हसले. तेव्हापासून आईनं त्यांच्याशी बोलणंच टाकलं.

परवा ती माझ्याकडे जळगावला, मेहरूणला आली, ती आबांचा फोन पिशवीत घालूनच. "स्नेहल, तू कंपनीमा हाईच काम करस ना? देख बरं, तुना बाप मन्हाबद्दल काय लिखे."

मी दिवसभर सर्व्हरच्या फायलींतून चुका शोधते. ग्रुपवरचं सगळं चॅट एका टेक्स्ट फाईलमध्ये लॅपटॉपवर घेतलं. त्यात म्हाताऱ्यांच्या गुलाबाच्या फुलांसकट शुभ सकाळी एवढ्या, की बोटानं चाळत बसले असते तर मीच म्हातारी झाले असते. म्हणून ग्रेप, फाईलमधल्या हव्या तेवढ्याच ओळी वेचून देणारी कमांड. त्याला नेमकं वाक्य द्यावं लागत नाही, साचा दिला की पुरतं. ओळीच्या सुरुवातीला तारखेचा आकडा, पुढे काहीही, मग आबांचं नाव 'भिका' आणि दोन टिंबं. एंटर मारलं.

पडदाभर आबा आले. पण प्रत्येक ओळीत फक्त 'जय भीम'. वर जय भीम, खाली जय भीम, मध्ये दुसरा शब्द नाही.

"इतलंच?" आईचा चेहरा पडला. "जय भीम लिखीसन इतला हासे?"

मला तर चैनच पडेना. साचा बरोबर होता, मग मजकूर गेला कुठे? मूळ फाईल उघडली आणि कपाळावर हात मारला. आबा आयुष्यभर पत्रं लिहायचे ती अशीच, वर एकटं जय भीम आणि नव्या ओळीवर मजकूर. फोनवरही तोच शिरस्ता. फाईलमध्ये तारीख नि नाव पहिल्याच ओळीला चिकटतं, खालच्या ओळी बेवारशी. ग्रेप बापडा एका वेळी एकच ओळ बघतो, खालचंही आबांचंच हे त्याला कोण सांगणार?

मग ऑक घेतला, मागची ओळ कुणाची ते लक्षात ठेवू शकणारा ग्रेपचा हुशार भाऊ. त्याला सांगितलं, भिकाची ओळ आली की छापायला लाग, आणि दुसऱ्या कुणाची तारखेची ओळ येईपर्यंत थांबू नको.

आबा बोलायला लागले. आईनं चष्मा लावला आणि अक्षराला अक्षर जोडत स्वतःच वाचायला घेतलं. मी मध्ये पडले नाही.

"आज कळण्याची भाकर. दोन खाल्ल्या, तिसरी लाजेनं सोडली."

"आज भरीत. एवढी वर्षं लाईनवर डबे खाल्ले, पण हिच्या हाताची सर कुणाला नाही."

"तोताराम, हिला सांगायचं नाही. तोंडावर सांगितलं तर डोक्यावर बसेल."

आई थांबली. शेवटची ओळ तिनं पुन्हा पहिल्यापासून वाचली, बोट ठेवून. मला रडू आवरेना, तिच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हता.

"सांगता तं मी काय खाई जाती का त्यासले?" ती म्हणाली.

मग तिनं आबांचा फोन माझ्यापुढे सरकवला.

"तोतारामले फोन लाव. रविवारले जेवाले ये म्हना."