उपऱ्याचा वाटा

आमचे हे नगरचे ख्रिस्ती, त्यामुळे बायबल तोंडपाठ. पण सोयीचं तेवढंच. शारजात अल मजाजला राहायला आलो आणि एका शुक्रवारी उपासनेत पाळकसाहेबांनी दशांशावर उपदेश केला. मिळकतीचा दहावा हिस्सा देवाचा, तो हात न आखडता द्या. घरी येताच ह्यांनी चष्मा चढवला आणि संध्याकाळपर्यंत पळवाट शोधून काढली.

"प्रमिला, हे बघ! बायबलातल्या 'अनुवाद' पुस्तकात स्पष्ट लिहिलंय. दशांश देवापुढे बसून, कुटुंबासह, आनंदाने खायचा. फक्त तिसऱ्या वर्षी तो उपरी, अनाथ आणि विधवांसाठी ठेवायचा."

मी वाचून पाहिलं. खरंच तसं लिहिलं होतं. हे मला पगार सहा हजार दिरहम सांगत, म्हणून दर महिन्याला सहाशेचं मटण, कबाब आणि वर आइस्क्रीम. लेव्याला, म्हणजे देवाच्या सेवकाला, विसरू नका असंही लिहिलंय, म्हणून एकदा पाळकसाहेबांनाही नेलं. ते बिचारे जेवून गेले. दोन वर्षं देवाचं इतकं खाल्लं, की ह्यांच्या सगळ्या पँटी सैल करून घ्याव्या लागल्या.

२००० साल उजाडलं. तिसरं वर्ष. आमच्या शेजारी दापोलीची नूरजहाँभाभी राहायची. तिचा नवरा मोहिद्दीन अबुधाबीकडच्या रुवैसला कामावर असताना वारला होता. कंपनीचे पैसे 'इन्शाल्ला, पुढच्या आठवड्यात' येतच होते. व्हिसाची मुदत महिनाअखेर संपत होती आणि तिला लेकीला, यम्नाला, घेऊन गावी परतायचं होतं. दोन तिकिटांची सोय होत नव्हती.

लिफ्टची वाट बघताना मी ह्यांना म्हटलं, "विधवा शेजारी, अनाथ शेजारी. देवाने अगदी दाराशी आणून ठेवलंय. ह्या वर्षीचा दशांश तिला देऊ या."

"लिस्टमध्ये पहिला कोण? उपरी!" ह्यांचा आवाज उपदेशाला चढला. "इथे उपरी आपणच. पासपोर्ट कंपनीकडे. उद्या खलास म्हणाले की बॅग भरायची. आपल्याला कोण विचारणार? पहिला हक्क आपला!"

"मग ती काय इथली शेखीण आहे?"

"बट डॅड, यू जस्ट बॉट अ न्यू कार," आमचा निनाद म्हणाला.

"तू गप्प बस!"

मला इतका संताप आला, की लिफ्टमध्ये मी ह्यांच्याकडे पाठ करून उभी राहिले.

संध्याकाळी बेल वाजली. दारात नूरजहाँभाभी. एका हातात भाताचं पातेलं, दुसऱ्यात पाकीट.

"सुरेशभाई, दुपारी दारातून ऐकलं. नोकरी गेली ना? सांगायला शरम कसली! हे पैसे आमच्या जमातीने तिकिटासाठी जमवलेत. एकीचंच तिकीट निघतंय, दोघींचं काय ते अल्ला बघेल. तोवर तुम्ही वापरा. शेजारी उपाशी आणि मी पोटभर जेवू, असं आमच्यात चालत नाही."

ह्यांचा चेहरा पडला. "अहो भाभी, नोकरी आहे माझी!"

"मोहिद्दीनपण असंच म्हणायचा. सगळं ठीक आहे, काळजी करू नको."

मी आत धावले. त्या महिन्याचे सहाशे कपाटातून काढून तिच्यापुढे धरले. तिने दोन्ही हात मागे घेतले. "तौबा! अडचणीतल्या माणसाकडून घेऊ?"

"आम्हाला कसलीही अडचण नाही, भाभी!" हे काकुळतीला आले. दुपारी स्वतःची गरिबी शास्त्राने सिद्ध करणारा हा माणूस आता शपथेवर श्रीमंत व्हायला बघत होता. "घ्या ना, प्लीज."

"नको. तुमच्या लेकराच्या तोंडचा घास आहे तो."

"अहो, कसला घास! आठ हजार दिरहम पगार आहे मला! म्हणजे आपले शहाण्णव हजार रुपये! महिन्याला!"

नूरजहाँभाभीचा चेहरा उजळला. "अल्लाचे शुक्र. मग घेते हो, प्रमिलाभाभी." तिने पैसे घेतले.

मी ह्यांच्याकडे बघत होते. हे जमिनीकडे बघत होते. मला सांगितले होते सहा हजार, आणि देवालाही सहाच.

"थांबा, भाभी," मी म्हटलं. "ह्या महिन्याचे अजून दोनशे आहेत. आणि मागच्या दोन वर्षांचा फरकही निघतोय."

ह्यांना एकही वचन आठवलं नाही. हे चेकबुक आणायला आत गेले.